दिवा लागल्यावरचं गोड

"दिवा लावला काय वं, शशी?"

बाईंनी हे विचारलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. मे महिना आणि अकोल्याचं ऊन. अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकायची सोय नव्हती. खिडकीला वाळ्याचा पडदा, समोर कूलर घरघरतोय, आणि पडद्याच्या फटीतून उन्हाची पांढरी तिरीप थेट बाईंच्या तोंडावर पडलेली. तरी त्या विचारत होत्या, दिवा लावला का.

"बाई, दुपार आहे. साडेबारा वाजलेत," मी म्हटलं.

"लाव नं मंग. सांज होऊन गेली."

मी हसले. खरंच हसले, आता सांगायची लाज वाटते. वाटलं, झोपेत आहेत. मग त्या उठायला गेल्या आणि पलंगाचा काठ धरायच्या ऐवजी त्यांनी हवेतच हात टेकवला. धाडकन खाली आल्या. मी धावले, बगलेत हात घालून त्यांना बसवलं, तर माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघत म्हणाल्या, "तू कोणाची वं, बाई?"

बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, द्वारकाबाई. भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, जाऊन सहा वर्षं झाली होती, लेकरूबाळ नव्हतं. घरात आम्ही दोघीच. आमचे हे अमरावतीला नोकरीला, शनिवारी रात्री यायचे आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने जायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञानाची मास्तरीण. लग्नाला आठ वर्षं झाली तरी आमचा संसार रविवारपुरताच. दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागून मागून माझे अर्ज पिवळे पडले होते.

बाई शिकलेल्या नव्हत्या, पण जिभेने भल्याभल्यांना गार करायच्या. मी नवी नवरी असताना एकदा रात्री जेवताना म्हटलं, "मीठ द्या जरा." त्यांनी वाढता हात मागे घेतला. "दिवा लागल्यावर मीठ म्हणत नाही आमच्या घरात. गोड म्हणायचं."

"मीठ खारट आणि म्हणायचं गोड?"

"खारट तं खारट. लक्ष्मीच्या वेळेले खारट शब्द कशाले काढा? तुमच्या माहेरी, वर्ध्याले, म्हणत असतीन."

तेव्हापासून आमच्याकडे सकाळी मीठ आणि रात्री गोड. मी मुद्दाम शाळेतल्या बायकांना हे सांगून हसवायची. विज्ञानाची मास्तरीण ना मी!

आणि तीच शहाणी मास्तरीण गेले आठ दिवस बाईंना पाणी पाजत होती. कारण बाईंचं डोकं दुखत होतं, मळमळत होतं, पाय ओढत चालत होत्या. एकदा चहात साखरेऐवजी हळद टाकली. ऊन लागलं, दुसरं काय! मी नववीच्या वर्गात दर वर्षी शिकवायची की माठ पाझरतो म्हणून त्यातलं पाणी गार राहतं, तसंच आपण घामाने पाझरतो म्हणून आपण गार राहतो. बाहेर कितीही तापो, आतलं सगळं शरीर जागच्या जागी राखतं. त्याला फक्त पाणी कमी पडू देऊ नका. मुलांकडून हे घोकून घेतलेलं. घरी तेच सुरू केलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने रेघा ओढायची, एक तांब्या झाला की एक रेघ. बाई म्हणायच्या, "बस झालं वं माय, पोटात पाणी डुचमळून राह्यलं." मी म्हणायची, "अजून दोन रेघा राहिल्यात." कैरीचं पन्हं केलं तर त्यांनी तोंड फिरवलं. आंबट बाधतं म्हणाल्या. लोणचं, पापड तर पाडव्यापासूनच सोडलं होतं. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी गोळी सुरू करताना मीठ बेताने खा असं सांगितलं होतं, तेव्हा मी उलट शाबासकीच दिली होती त्यांना.

त्या दिवशी भिंतीवर सकाळपासून सहा रेघा झालेल्या होत्या.

मी पळत शेजारी गेले. नजीरभाईंची ऑटो दारातच होती, ते नुकतेच जेवायला बसले होते. घास तसाच ठेवून उठले. दोघांनी मिळून बाईंना उचलून आत घातलं. रस्ता ओस पडलेला, डांबर चाकाला चिकटत होतं. बाई माझ्या खांद्यावर मान टाकून पुटपुटत होत्या, आणि मी ओला रुमाल त्यांच्या डोक्यावर दाबून धरत होते. अंग तापलेलं नव्हतं. ऊन लागलेल्या माणसाचं अंग फणफणतं, हे मला माहीत होतं. बाईंचं अंग साधं, माझ्यासारखंच होतं. तिथे मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, कारण मग हे ऊन नव्हतं आणि दुसरं काय ते मला माहीत नव्हतं.

"भाभी, रडू नका," नजीरभाई पुढून ओरडले. "पोचलोच."

मी रडत होते हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

दवाखाना लहानसा होता, दहा-बारा खाटांचा. डॉक्टर इंगोले तरुण होते, नुकतेच बसायला लागलेले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, पायाला टोचून पाहिलं, मला भराभर विचारलं. काय होतं आधी? गोळ्या कोणत्या? उपास-तापास? आणि मग बाईंच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "काकू, काय खाल्लं आज?"

बाईंनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "गोड सोडलं मी," त्या म्हणाल्या. "गोड सोडलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "डायबेटिस आहे का?"

"नाही. म्हणजे... तपासलेला नाही."

"गोड सोडलंय म्हणतात. अशक्त आहेत, नीट जेवलेल्या दिसत नाहीत. साखर उतरली असेल. रक्त पाठवतो लॅबला, तोवर ग्लुकोज सुरू करू. साखर उतरलेली असेल तर थांबून चालत नाही."

मला पटलं. गोड सोडलं म्हणजे साखर सोडली. दुपारी एक वाजता त्याचा दुसरा काय अर्थ होणार होता?

बाटली लागली. थेंब पडायला लागले. मी त्या थेंबांकडे बघत बसले, आणि पर्स घट्ट पोटाशी धरली. त्या पर्समध्ये एक कागद होता. त्याचं काय करायचं ते मला अकरा दिवस सुचत नव्हतं.

बदलीची ऑर्डर होती ती. अमरावती जिल्हा, जूनमध्ये हजर व्हायचं. आठ वर्षांनी आली होती, आणि आली त्या दिवशी मी शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन एकटीच नाचले होते. घरी आले तर बाई दारात बसून माझ्यासाठी हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. "आली काय वं? हातपाय धू, चहा ठेवतो." मी कागद पर्समध्येच ठेवला. नवऱ्यालाही सांगितलं नाही. ते आले की पहिल्या घासाला बाईंपाशी बोलून मोकळे झाले असते. आज सांगू, उद्या सांगू. पण सांगायचं तरी कसं? की तुम्हाला या घरात एकटीला टाकून मी चालले? सुट्टीच आहे, घाई कशाला, असं मनाला समजावत मी त्यांना तांब्यावर तांब्या पाणी पाजत होते. जीव लावल्याचं दाखवायचं असतं ना माणसाला, आपण दगा देणार असलो की.

बाटली अर्ध्यावर आली. बाई सुधारत नव्हत्या. उलट बोलणं बंद झालं, श्वास घोरल्यासारखा येऊ लागला. मी नर्सला हाक मारली. "थोडा वेळ लागतो," ती म्हणाली. मी बाईंचा हात हातात घेतला आणि तो हात माझ्या हातात ताठ झाला. मग सगळं अंगच ताठ झालं. डोळे वर गेले, दात खटाखट वाजायला लागले, पलंग हलायला लागला.

"डॉक्टर!" मी किंचाळले. "अहो डॉक्टर! धावा!"

दोघा-तिघांनी धरलं. इंजेक्शन दिलं. ती आकडी मिनिटभर असेल, पण त्या मिनिटात मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच ठाऊक. जिला व्रतंवैकल्यं म्हटलं की हसू यायचं, ती मी. शेवटी बाई सैल पडल्या. तोंडातून फेस, ओठावर रक्त. डॉक्टर इंगोल्यांच्या कपाळावर घाम आला होता. लॅबचा माणूस साखरेचा आकडा घेऊन आला. साखर नीट होती.

"साखर नॉर्मल?" डॉक्टरांनी कागद उलटा-सुलटा केला. "मग काय आहे हे? मेंदूत काही... ही बाटली चालू राहू दे, संपली की दुसरी लावा. मी मोठ्या दवाखान्यात फोन करतो."

ते फोनकडे वळले. नर्स दुसरी बाटली घेऊन आली. आणि तेव्हा बाईंचे ओठ हलले. मी कान तोंडाशी नेला.

"दिवा लागला," त्या म्हणत होत्या. "मीठ म्हणू नाही, शशी... गोड म्हण... गोड सोडलं मी, माय..."

मी तशीच वाकलेली राहिले.

बाईंसाठी दुपारीच दिवा लागलेला होता! त्यांच्या डोक्यात सांज झाली होती, आणि सांजेला त्या मिठाला मीठ कशा म्हणतील? जीव चालला तरी म्हणणार नाहीत. लोणचं सोडलं, पापड सोडला, पन्हं नको म्हणाल्या. मीठ-तिखट घालायच्या आधीच स्वतःची भाजी वेगळी काढून घ्यायच्या, तिखट सोसत नाही असं सांगून. पाडव्यापासून!

"डॉक्टर, थांबा!" मी नर्सचा हात धरला. "ती बाटली लावू नका. यांनी मीठ सोडलंय. गोड नाही, मीठ!"

"आत्ता तर गोड म्हणाल्या," नर्स म्हणाली.

"आमच्या घरात दिवा लागल्यावर मिठाला गोड म्हणतात!"

नर्स माझ्याकडे बघतच राहिली. या बाईलाही आकडी येते की काय, असं तिला वाटलं असणार. पण डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. "किती दिवस?"

"महिना होऊन गेला असेल. कणभर मीठ नाही. आणि मी... मी रोज दहा-बारा तांबे पाणी पाजलं."

"आणि वर रक्तदाबाची गोळी. ती गोळी लघवीतून मीठच बाहेर काढते." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते, आणि एकदम त्यांनी नळीची कळ बंद केली. "अहो, ही ग्लुकोजची बाटली म्हणजे पाणीच! साखर शरीर खाऊन टाकतं, मागे उरतं ते पाणी. मी उलटंच देत होतो."

रक्त पुन्हा लॅबला गेलं. अर्ध्या तासाने आकडा आला, एकशे आठ. हवं ते एकशे पस्तीसच्या वर.

"रक्तातलं मीठ इतकं उतरलं की पाणी मेंदूत शिरतं. मेंदू सुजतो," डॉक्टर म्हणाले. "शरीर फार सांभाळतं हो. घामातलं मीठ कमी करतं, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं. पण त्याच्या हातात काही द्यायला तर पाहिजे."

"मग द्या ना! लवकर मीठ द्या. मी पाण्यात कालवून पाजू का?"

"खबरदार!" ते जवळजवळ ओरडलेच. "महिनाभर उतरत गेलेलं एका दिवसात चढवलं तर मेंदूला इजा होते. माणूस जागचा हलत नाही पुन्हा. दिवसाला आठ-दहा आकडे, त्यापेक्षा जास्त नाही."

म्हणजे औषध कोणतं ते कळलेलं, बाटली डोक्यावर टांगलेली, आणि ते मोजून मापून सोडायचं. ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. थेंब सावकाश पडला तर वाटायचं बाई जातात. भराभर पडला तर वाटायचं आता कायमच्या लुळ्या पडतात. नजीरभाईंनी अमरावतीला फोन लावला होता, संध्याकाळपर्यंत हे आले. मी त्यांच्याशीही नीट बोलले नाही. डोळ्यांपुढे फक्त स्वयंपाकघरातली भिंत आणि माझ्या हाताने ओढलेल्या रेघा. पाण्याने माणूस मारायला मी निघाले होते, खडू हातात घेऊन.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शशी, तुह्या तोंडाले काय झालं वं? वाळून गेली."

मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि नर्सला विचारत राहिल्या, हिले झालं तरी काय.

डॉक्टर आले, हातपाय हलवून पाहिले, आणि त्यांचाही चेहरा उजळला. "आता बाटली काढू. पण काकू, जेवणात मीठ पाहिजे. आजपासून."

मी घरून वरणभात करून आणला होता. हे खाली औषधं आणायला गेले होते. कालवून पहिला घास पुढे केला. बाईंनी तो जिभेला लावला आणि तोंड मिटलं.

"याच्यात मीठ आहे."

"आहे. खा."

"मले जमत नाही."

"बाई, मराल तुम्ही! डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना? परत उतरलं तर या वेळी वाचणार नाही."

"देवीले बोललो मी. पुरं झाल्याबिगर कसं खाऊ?"

"काय बोललात? कशासाठी?"

"सांगितलं तं फळत नाही." आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली. झालं! बाईंनी मान वळवली की ब्रह्मदेव आला तरी वळायची नाही.

दोन दिवस जिला थेंबाथेंबाने परत आणली ती आता आपल्या पायाने परत चालली होती, आणि कशासाठी ते मला कळलं होतं. दुसरं काय असणार? घरात आम्ही दोघी. माझे बदलीचे अर्ज त्यांना माहीत होते. मी जाऊ नये, एवढंच या म्हाताऱ्या होत चाललेल्या एकट्या बाईला देवीकडे मागायचं असणार. आणि ऑर्डर माझ्या पर्समध्ये. म्हणजे यांचा नवस पुरा होणारच नव्हता, आणि या मीठ खाणारच नव्हत्या.

आठ वर्षं मी ज्या कागदाची वाट पाहिली, तो मी पर्समधून काढला.

"बाई, इकडे बघा. मी जात नाही. ही ऑर्डर परत करते. तुमच्यासमोर फाडते हवं तर. तुम्हाला सोडून कुठे जात नाही मी. आता तरी खा."

बाईंची मान गर्रकन वळली. सलाईनचा हात आहे हेही विसरून त्यांनी कागद माझ्या हातातून ओढला.

"ऑर्डर? बदलीची?"

"हो."

"अमरावतीची? आली?"

"आली, पण मी..."

"फाडतो म्हणते, भवाने!" त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या कागदावरून बोट फिरवत होत्या. डोळे काठोकाठ भरले होते. "याच्यासाठीच तं सोडलं मी. दर रविवारी तो गेला का तू मोरीत नळ सोडून रडत बसते. मले काय ऐकू येत नाही? आठ वर्षं ऐकून राह्यली. पाडव्याले देवीले म्हटलं, माह्या शशीले तिच्या घरी जाऊ दे, तोवर मीठ घेत नाही."

घास हातात तसाच होता.

"कवा आली?" बाईंनी विचारलं.

खोटं बोलायचं मनात आलं. काल, परवा, काहीही सांगता आलं असतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही पडलात त्याच्या अकरा दिवस आधी," मी म्हटलं. "तुम्हाला सांगायची भीती वाटली."

त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली, उशाखाली ठेवली. खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं, त्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात शिव्यांची वाट बघत होते, आणि त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उजेड आहे नं अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे, बाई. तीनच वाजलेत."

"मंग मीठ म्हण." त्यांनी तोंड उघडलं. "दे."